एनॉकचं अक्षर

“हे बघ ताई, ‘ए’ असा काढलाय!” काट्याला टोचलेला बटाटा हवेत फिरवत एनॉक मला अक्षराचं वळण दाखवत होता. “दस्त कातड्यावर लिहायचा म्हणजे खाडाखोड चालत नाही. दोन दिवस मान वर केली नाही मी. वकीलसाहेबसुद्धा खूश झाले.”

आई कौतुकानं ऐकत होती. माझी भांडी घासायची पडली होती.

माझा धाकटा भाऊ वकिलाच्या कचेरीत दस्तांची पक्की प्रत लिहितो. या कामाला आमच्या इंग्लंडात ‘एन्ग्रॉस’ करणं म्हणतात. आमच्या गावच्या बड्या शेतकऱ्यासारखा, त्या रडमनसारखा, एकटा माणूस बाजारातलं सगळं धान्य नाहीतर गावातली सगळी शेतं गिळतो, त्यालाही तोच शब्द. आणि भान हरपून कशात बुडून जाण्यालाही तोच! आमच्या लोकांना दुसरे शब्द सुचले नसावेत.

“दस्त कसला होता?” मी सहज विचारलं.

“मला काय ठाऊक? वाचत बसलो तर लिहू कधी? रडमनला कुठलीतरी पाच शेतं खंडानं दिलीत.”

“मग हा ‘ए’ कशातला?”

“ॲल्डरमूरमधला पहिला,” तो म्हणाला, आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

ॲल्डरमूर म्हणजे आमचंच शेत. आम्ही जेवत होतो ते घरही त्यातच आलं. आमच्या खंडाची मुदत या सप्टेंबरात संपत होती. दर वेळेसारखी वाढवून मिळेल म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

“सह्या झाल्या?”

“काल.”

“अरे मेल्या, दोन दिवस आपलंच घर लिहीत होतास! घरी येऊन नुसतं बोलला असतास, तर जमीनदाराचे पाय धरले असते मी!”

“मी अक्षरं बघत होतो गं, ताई.”

“मग आता तीच खा!”

“ओरडू नकोस त्याच्यावर,” आई म्हणाली. “जेवतोय तो.”

याचा तर मला जास्तच संताप आला.

सोमवारी मी जमीनदाराकडे गेले. म्हातारा तसा वाईट नाही. “उशीर केलास, टॅमसिन. आधी येतीस तर काही करता आलं असतं,” असं म्हणून त्यानं दस्त माझ्यापुढे पसरला.

मला वाचता येत नाही. टराटरा फाडावा असं मनात घेऊनच मी वाकले. काळ्याभोर सरळ ओळी, लांबलचक वळणं, कुठे एक डाग नाही. मी बघतच राहिले. म्हाताऱ्यानं मला दोनदा जायला सांगितलं म्हणे. मला ऐकूच आलं नाही. शेवटी त्याच्या नोकरानं माझ्या दंडाला धरून मला दाराकडे वळवलं.