नमुना क्रमांक तीनशे बारा

मी नमुना क्रमांक तीनशे बारा बोलतोय. करंगळीएवढ्या नळीतला पिवळसर रक्तरस. शून्याखाली ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये, एका खोक्यात, माझ्यासारख्याच ऐंशी नळ्यांच्या दाटीत मी उभा आहे. दार क्वचितच उघडतं. जीव नुसता कोंडतो.

एके काळी मी एका शिंप्याच्या अंगात मोकळा धावत होतो. भारी थट्टेखोर माणूस! इथल्या हृदयरोगाच्या संशोधनासाठी तपासनीस बाई रक्त काढायला आल्या तर म्हणतो कसा, "सुई टोचायचं काम माझं, बाई. तुम्ही तर माझ्या पोटावर पाय देताय."

बाई हसल्या. "मास्तर, घरी कुणाला हृदयाचा त्रास?"

"वडील आणि थोरला भाऊ, दोघंही पन्नाशीच्या आत गेले. माझे रिपोर्ट मात्र नॉर्मल. ठणठणीत आहे मी!"

मग मला गरगर फिरवून लाल रक्तापासून वेगळं केलं आणि एका अवाढव्य चुंबकाच्या पोटात उतरवलं. तिथून, माझ्यात कुठले कण किती आहेत ते सांगणारी, माझी एक नागमोडी रेघ निघाली. आकडेवाल्या सरांनी ती हजार माणसांच्या रेघांशी ताडून पाहिली आणि पडद्यावर प्रत्येकाचा एकेक ठिपका मांडला. सगळे ठिपके घोळक्यात, माझा एकटाच कोपऱ्यात.

"हा खाऊन आला असणार. काढून टाका," सर म्हणाले.

"अहो, मी स्वतः विचारलंय. चहासुद्धा घेतला नव्हता त्यांनी. पुन्हा मोजा." बाई हटूनच बसल्या.

पुन्हा मोजलं. ठिपका जागचा हलला नाही. सरांचा चेहरा उतरला. माझ्यातलं कोलेस्टेरॉल बेताचंच होतं, म्हणून साधा रिपोर्ट नॉर्मल यायचा. पण ते वाहून नेणारे कण बारीक होते आणि भाराभर होते. असले कण रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरून घर करतात.

बाई माझा बर्फाचा डबा हातात घेऊन तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी शिंप्याने रक्त देताना भरलेला संमतीचा फॉर्म काढला. "'निकाल कळवू नये', इथे त्यांनीच खूण केली आहे. आपले हात बांधलेले आहेत."

अहो, खूण करताना मी त्याच्या हातातच होतो! चष्मा दुकानात विसरला होता तो. सांगायची लाज वाटली, म्हणून दिसेल त्या चौकटीत खूण करून मोकळा झाला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. कुणालाच ऐकू गेलं नाही. बाईंनी डोळे पुसले आणि मला परत इथे आणून ठेवलं.

मास्तर, काहीतरी निमित्त काढून एकदा इकडे या. स्वतःच्या तोंडाने विचारा, बाई लगेच सांगतील. माझ्या खोक्यावर आम्हाला टाकून देण्याची, पंधरा वर्षांनंतरची तारीख घातली आहे. तेवढा वेळ मला आहे. तुम्हाला नाही.