उसवलेला गाऊन

१९८८ साली माझ्या पित्ताशयात खडा होता आणि अंगात ऑपरेशनला नाही म्हणायची खुमखुमी. एके दिवशी जुनी कळ एकदम थांबली. "खडा विरघळला!" मी नणंदेला ऐकवलं.

दोनच दिवसांत पोट फुगलं, खाल्लेलं उलटू लागलं. मी पडले शिंपीण. गाऊन सैल करायला शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी आणखी उसवली.

"वहिनी, आता उसवायलाही कापड उरलं नाही," म्हणत नणंदेने कात्री हिसकावली आणि मला दवाखान्यात नेलं.

सर्जनने एक्स-रे पाहिला. "बाई, खडा विरघळला नाही. पित्ताशयाला भोक पाडून आतड्यात उतरलाय आणि वाट अडवून बसलाय. आणखी एक दिवस थांबला असतात, तर वाचला नसतात."

"एवढासा खडा?"

"कोटाच्या बटणापेक्षा मोठा."

त्याच दिवशी खडा काढला. सर्जनचे टाके माझ्यापेक्षा सुबक होते, हे मी अजून कोणाजवळ कबूल केलेलं नाही. सर्जन बिचारे केव्हाच गेले. नणंद नव्वदीतही हा किस्सा पाहुण्यांना सांगते. खडा बटणांच्या डब्यात आहे. आणि मी? पोट दुखलं की आधी कात्री लपवते, मग नणंदेला फोन करते.