अडखळू नये म्हणून

गाडीत बसलं की हणमंतराव आधी दोन्ही तळहात पुढे करत आणि नीरजा त्यांवर डिस्कमन ठेवी. त्याची वायर एका कॅसेटला जोडलेली होती. आत फीत नसलेली ती कॅसेट टेपमध्ये सरकवली की सीडीवरचं व्हायोलिन मारुतीच्या स्पीकरांतून वाजू लागे. गाडीला हिसका बसला की सीडी अडखळते, म्हणून कुणीतरी डिस्कमन हातांवर तोलून धरायला हवा, असं नीरजानं वडिलांना सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं. यंत्राच्या कडेला एक बारीक बटण होतं. ते चालू केलं की धक्का बसला तरी गाणं तुटत नसे. नीरजानं ते मुद्दाम बंद ठेवलं होतं.

तीस वर्षं गाडी चालवलेल्या हणमंतरावांना काचबिंदूमुळे चालवणं सोडावं लागलं, आणि डाव्या सीटवर आल्यापासून त्यांचा उजवा पाय रबरी मॅटवर ब्रेक दाबू लागला. मॅटला तिथं भोक पडायला आलं होतं. तोंडही चाले. "दुसरा गिअर टाक. स्वल्प हळू. अगं, त्या लॉरीला काय चिकटून जातेस?" हातात डिस्कमन आल्यापासून हे सगळं थांबलं. ते श्वाससुद्धा बेतानं घेत. अण्णांना काम मिळालं, असं नीरजा स्वतःला सांगत असे.

आई गेल्यापासून घरात दोघंच. महिन्यातून दोन शनिवार ते बसवनगुडीतल्या घरून शहराबाहेर होसकोटेला आत्याकडे जात. सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टमधला तो शनिवारही तसाच होता. टिन फॅक्टरीचा स्टॉप मागे पडला तसे हणमंतराव म्हणाले, "नीरा, एक विषय होता गं. बरेच दिवस बोलीन बोलीन म्हणतोय."

"अण्णा, पुढे खड्डे आहेत. नीट धरा."

"सरी, सरी. धरतो." त्यांनी कोपरं पोटाशी घेतली. गाडी दोनदा उसळली, व्हायोलिन तसंच वाजत राहिलं. "बघ," ते म्हणाले, "एक सूर सांडला नाही."

विषय निघाला नाही. संध्याकाळी परतल्यावर दाराशी ते एवढंच म्हणाले, "मग बोलू." नीरजा पर्समध्ये किल्ली शोधत होती. तिनं हं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता ते गेले. पेल्यात कॉफी अर्धी उरली होती.

पुढचे दिवस नीरजानं नीट पार पाडले. फोन घेतले, आलेल्यांना बसायला दिलं, दाखल्यासाठी रांगेत उभी राहिली. रडू आलं नाही, आणि आलं नाही याचं आश्चर्यही वाटलं नाही. तेराव्या दिवशी तिनं आत्याला विचारलं, "अण्णांना मला काहीतरी सांगायचं होतं. तुला काही बोलले होते?"

"मला कशाला सांगेल?" कस्तुराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुझा विषय, तो तुझ्याशीच बोलला असता."

नीरजानं मान हलवली आणि पुढच्या पानावर खीर वाढली.

ऑफिस सुरू झालं. डिस्कमन शेजारच्या सीटवर आला आणि पहिल्याच गतिरोधकावर व्हायोलिन तुटलं. तिनं खाली उशी घातली. मग शाल. मग अण्णांचा स्वेटर चौघडी करून. बटणाला मात्र हात लावला नाही. शनिवारी ती शिवाजीनगरला गेली, जयसिंगरावांच्या दुकानात. ते गाड्यांना टेप बसवून देत. वायरची कॅसेटही त्यांच्याकडूनच घेतलेली.

"या अक्का! कसा काय आहे आमचा माल?"

"सीटवर ठेवलं की अडखळतं. दुसरा काही उपाय आहे का?"

"उपायांना काय तोटा? टेपच्या पाठीमागं सोल्डर मारून वायर थेट आत घालतो. न्हाई तर रेडिओवर वाजवणारी एक डबी येते, पण तिच्यात मधेच बातम्या घुसतात. फार मोठे लोक डिकीत सीडी बदलणारा चेंजर बसवतात." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "पण अक्का, हे सगळे आवाज आत न्यायचे रस्ते. उडी मारतंय ते यंत्र. बघू द्या की स्वल्प."

त्यांनी डिस्कमन आडवा धरून फिरवला. "अय्यो! हे बटण बंदच आहे की! एवढे दिवस कसं ऐकत होता?"

"वडील हातात धरायचे."

"अप्पाजी? होसकोटेपर्यंत?" जयसिंगराव मनापासून हसले. "म्हाताऱ्या माणसाला फुकटची शिक्षा! हे घ्या, केलं चालू. सेल जरा लवकर संपतील, तेवढंच. सांगा अप्पाजींना, आजपासून हात मोकळे."

"सांगते," नीरजा म्हणाली.

घराचा रस्ता सोडून तिनं गाडी होसकोटेच्या दिशेला वळवली. टिन फॅक्टरीपुढचे खड्डे तसेच होते. गाडी उसळली, डिस्कमन सीटवरून घसरून दाराला आपटला, आणि व्हायोलिन वाजत राहिलं. एक सूर सांडला नाही.

तिनं गाडी कडेला घेतली. मॅटवरची झिजलेली जागा दिसत होती. तिनं टेपमधून कॅसेट काढली. लॉऱ्या जात होत्या, पण गाडीत काही वाजत नव्हतं.

"अण्णा," ती म्हणाली. मग तिनं पुन्हा हाक मारली. "अण्णा, ते धरावं लागत नव्हतं. बटण होतं. मला माहीत होतं. तुम्ही बोलू नये म्हणून मी तुमच्या हातात ते देत होते."

एक बस हॉर्न देत गेली. ती जाईपर्यंत नीरजा थांबली.

"आता सांगा. काय विषय होता?"