खिडकी पलीकडच्या वाट्याला गेली

सुनेच्या हातात शाळेच्या गणवेशाचा शर्ट आणि मांडीवर उघडं पुस्तक. मशिनींच्या खडखडाटात ती पुटपुटत होती. काज करता करता आयर्लंडचा इतिहास पाठ करायचा म्हटल्यावर काज वाकडं जाणारच.

थोरल्या बाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, चष्म्यावरून पाहिलं. नवऱ्यामागे हा शिवणकामाचा गाडा त्यांनी एकटीनं ओढला होता. आता हाडं कुरकुरत होती, तोंड मात्र शाबूत होतं.

“गोरा साहेब तिथं घुसला, जमिनी बळकावल्या, माणसं उपाशी मरत होती तरी धान्य बाहेर धाडलं. इथवर मलासुद्धा पाठ झालं. तुझं घोडं कुठं अडलंय?”

“फाळणीवर, आई. बाकीच्यांना स्वतःचं राज्य मिळालं, उत्तरेचे सहा परगणे इंग्रजांकडेच राहिले. त्याची कारणं लिहायची असतात. दोन्ही खेपेला तिथंच माती खाल्ली मी.”

“वाटणीला कारणं कसली डोंबलाची? ज्याच्या हाताला जे लागतं ते तो धरून बसतो.”

“असं लिहिलं तर भोपळा मिळेल.”

यंदाही पदवी हुकली तर तिची शाळेतली हंगामी नोकरी जाणार होती. पण अभ्यास करायचा कुठे? घरात धड एकच खोली. तिच्यात मशिनी, कापडाचे गठ्ठे, गिऱ्हाइकं. दिवसाही दिवा लावावा लागे. बाईंच्या दिरानं वाटणीची भिंत घातली आणि एकुलती खिडकी पलीकडे गेली. तेव्हापासून थोरल्या बाई धाकट्या जावेशी बोलत नव्हत्या. दीर वारले तेव्हा जाऊन बसल्या, तेही मुक्यानं.

सुनेनं पुस्तक मिटलं.

“या खेपेला नाही बसत मी परीक्षेला. काजंच करते.”

रडली असती तर बाईंनी चार शब्द सुनावले असते. पण ती नुसती सुईत दोरा ओवायला लागली. घरात कायमचे दोन हात मिळत होते, बाईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, पदर सारखा केला आणि बाहेरून वळसा घालून जावेच्या दारात उभ्या राहिल्या.

“कोण गेलं?” जावेनं दार उघडताच विचारलं.

“कुणी नाही. कुणी गेल्याशिवाय येऊच नये का मी?”

“हे गेले त्यानंतर आला नाहीत, म्हणून विचारलं, जाऊबाई.”

“तुझी खिडकीची खोली रिकामी असते. परीक्षेपर्यंत सुनेला बसू दे. अभ्यास आहे.”

“कसला?”

“साहेबाच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या भांडणांचा.”

“का? आपल्या घरातली कमी पडली?”

बाईंच्या ओठावर जहरी उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“पडली असतील. देतेस का?”

“तिनं पाठवलं तुम्हाला?”

“तिला माहीतसुद्धा नाही. मी मागतेय.”

जाऊ दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, “पाठवा. पण मशिनीचं तेल लागलेले हात भिंतीला पुसायचे नाहीत म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी सून पुस्तकं घेऊन पलीकडे गेली. तिच्या वाटची काजं बाईंच्या मांडीवर आली. सुईचं नाक दिसेना, बोटं वळेनात. दुपारी मशिनी थांबल्या तेव्हा भिंतीपलीकडून पाठ म्हणण्याचा आवाज आला. मध्येच जावेचा सूर:

“थांब गं. ते सहा परगणे कुणी कुणाला दिले? मला काही कळेना.”

बाईंनी काज खाली ठेवलं. पुन्हा उठून वळसा घालायचं त्राण नव्हतं. त्यांनी भिंतीवर थाप मारली.

“तिला पहिल्यापासून सांग गं! अर्ध्यातून सांगितलेलं तिला कधीच कळलेलं नाही!”

पलीकडून जाऊ ओरडली, “ऐकू येतंय मला!”

“मग ऐक,” थोरल्या बाई म्हणाल्या, आणि पुन्हा सुईचं नाक शोधू लागल्या.