पटका बांधलेला पेशंट

राजेश्वर गावच्या सिद्धव्वाचा संशय इतका कडक, की तिच्या अंगणात मांजरसुद्धा पंजे वर करून यायचं. भिंतीवरची पाल चुकचुकायच्या आधी तिची परवानगी घ्यायची. खोटं वाटत असेल तर राजेश्वरला जाऊन पालीलाच विचारा.

तर या सिद्धव्वाचा नवरा बसवंतप्पा तुरीचं पोतं उचलता उचलता छातीला हात लावून मटकन खाली बसला. घाम असा सुटला की एखादा वाफा भिजला असता. पुतण्यानं दोघांना जीपमध्ये घातलं आणि बसवकल्याणच्या एका खाजगी दवाखान्यात आणलं.

तातडीच्या विभागात डॉक्टर मंजुश्री होत्या. त्यांनी ना सरकारी योजनेचं कार्ड विचारलं ना गाव. छातीला चकत्या चिकटवून हृदयाची ईसीजी पट्टी काढली, गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं, आणि मगच सिद्धव्वाकडं वळल्या.

"अक्का, मोठा झटका होता. जीव वाचलाय, पण काम अर्धंच झालंय. लवकरात लवकर कलबुर्गीला नेऊन रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागेल. दुसरा झटका आला तर माझ्या हातात काही राहणार नाही. कार्ड तेवढं मागवून घ्या. तातडीची केस म्हणून आम्ही सरकारी योजनेला फोनवर कळवलंय. इथलं, तिथलं, सगळं त्यातच होईल. तुम्हाला काही पडणार नाही."

काही पडणार नाही! ती परवानगी घेणारी पाल सिद्धव्वाच्या मनात बिनपरवाना चुकचुकली.

"फुकट कामून? मग तुमच्या पोटाला कोन घालतंय?"

"बिल योजनेच्या ऑफिसला जातं. माझं नाव तिथं नुकतंच नोंदवलंय. डिग्री, नंबर, सगळं तपासून घेतलं त्यांनी. नवीन आहे म्हणून माझी प्रत्येक केस भिंगाखाली घालतात."

"म्हंजे तुमच्यावर बी संशय हाय!" सिद्धव्वाला ही बाई पहिल्यांदाच जरा आपल्यातली वाटली.

"आता खाटेवरच्या पेशंटचा एक फोटो लागतो," एवढं सांगून, अप्पांना हलवू नका असं बजावून, मंजुश्रीबाई नुकत्याच आलेल्या अपघाताच्या पेशंटकडं धावल्या. नर्स नेत्रावतीनं मोबाईल काढला.

"थांब गं पोरी," सिद्धव्वा आडवी आली. "पडल्या मानसाचा फोटो पोलीस काढतेत, बेवारशाचा. आमच्यात न्हाई चालत."

आणि खरंच चालत नव्हतं. त्या घरात माणूस गेला तरी त्याला भिंतीशी टेकवून बसवायचे, कपाळभर विभूती, डोक्याला पटका, आणि मग फोटो. नेत्रावती अडवायच्या आत सिद्धव्वानं नवऱ्याला उठवून बसवलं, जीपमधून पटका आणवला, बांधला. मग मागं सरून बघितलं आणि तिच्याच काळजात चर्र झालं. हुबेहूब मामंजी! गेले त्या दिवशीचे!

"दात दाखवा वो," ती नवऱ्याला म्हणाली. "जिता दिसला पायजे मानूस. न्हाई हासलात तर फोटोला आजच हार घालते."

बसवंतप्पानं दात दाखवले. फोटो निघाला. मंजुश्रीबाई परत आल्या तेव्हा तो ऑफिसला पोचलाही होता.

कलबुर्गीची मंजुरी यायची होती, तोवर अप्पा जरा सावरून घरी आला आणि मागोमाग दवाखान्यातून फोन. केस संशयास्पद. झटक्याचा पेशंट म्हणे पटका बांधून लग्नातल्यासारखा हसतोय. चौकशी होईपर्यंत कार्डावरचा पुढचा उपचार बंद. म्हणजे कलबुर्गी बंद.

"अक्का, पट्टीसुद्धा दुसऱ्याची असेल म्हणतात ते," मंजुश्रीबाई फोनवर म्हणाल्या. "योजनेतून माझं नाव काढतील ते काढू देत. अप्पांचं काय?"

सिद्धव्वानं त्या दिवसापासून नवऱ्याच्या श्वासावरही पहारा बसवला. जोरात घेतला तरी संशय, हळू घेतला तरी संशय.

चौकशीला शिवप्रसाद नावाचा अधिकारी फटफटीवर आला. आधी त्यानं शेजारीपाजारी विचारलं की या घरात खरंच कोणी आजारी आहे का. मग आत आला. सिद्धव्वानं त्याचं ओळखपत्र उन्हात धरून बघितलं, नखानं खरवडलं. त्यानं तिच्या चहाचा वास घेतला. त्याला वास घेताना तिनं बघितलं. दोन बोके कुंपणावर भेटल्यागत झालं.

"हा माणूस," मोबाईल पुढं करत शिवप्रसाद म्हणाला, "मरायला टेकला होता?"

"व्हय."

"पटका बांधून? बसून? हसत?" त्यानं नजर भिंतीवर फिरवली. तिथं एक पटकेवाला म्हातारा ताठ बसला होता. "हे कोण? चांगले ठणठणीत दिसतात."

"मामंजी. मेल्यावरचा हाय त्यो."

शिवप्रसादचा कप ओठाशीच थांबला. "आणि शेजारच्या बाई?"

"आत्याबाई. त्या बी मेल्यावरच्याच. आमच्यात बसवूनच काढतेत."

सगळी भिंत त्याच्याकडं ताठ बसून बघत होती. त्यानं कप खाली ठेवला.

"मग तुमच्यात जिवंत कसा ओळखायचा?"

"दातावरून. म्हनून तर हासवलंय त्येला."

कोपऱ्यातल्या बाजेवरून बसवंतप्पा पहिल्यांदाच बोलला. "सायेब, हासतंय कोन? कळ निघायलती. दात आवळलेत मी."

शिवप्रसादनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पटक्याखालून घामाच्या धारा उतरलेल्या. सदऱ्याच्या फटीतून छातीवरची चिकटवलेली चकती दिसत होती. एका मुठीत चादर अशी पिळलेली, की त्यातून पाणी निघावं. त्यानं पुन्हा मामंजींकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं, आणि अंगणात जाऊन बराच वेळ फोनवर कानडीत बोलला. सिद्धव्वा दाराआडून एकेक शब्द चाळत होती.

"कार्ड सुरू होतंय," तो आत येऊन म्हणाला. "उद्याच निघा. आणि अक्का, तिथं बी फोटो काढतील. पडूनच काढू द्या."

कलबुर्गीला स्टेंट बसला, झकास बसला. फोटोही पडूनच निघाला. ही सिद्धव्वाची केवढी माघार, ते त्या पालीलाच माहीत.

बसवंतप्पाला वॉर्डात आणून थोडा वेळ झाला असेल नसेल, तोच तिचा फोन वाजला. पलीकडं शिवप्रसाद.

"अक्का, अप्पांचं भलं झालं, आनंद आहे. पण फोटोत उशाशी पटका धरून एक हात दिसायलाय. तो कुणाचा?"

"तुमाला कामून पायजे?" सिद्धव्वा म्हणाली, आणि पटका पदराखाली घेतला.