सतरा मिनिटांचा त्रिकालदर्शी

१०:१४. पूर्वसूचना: «पश्चिमेला, दंतवैद्यांच्या इमारतीत, सहाव्या मजल्याजवळ एक जीव घुसमटणार आहे. मला दिसतंय.»
१०:१४. जोडलेले हात, एकोणीस.
१०:१५. साहेब: «पाना, नीघ!»
१०:३१. तक्रार: «दंतवैद्यांची इमारत. लिफ्ट सहाव्याजवळ बंद. आत माणूस.»
१०:३१. साहेब: «बघा!!! सतरा मिनिटं आधी!!!»
१०:३१. जोडलेले हात, एकोणीस. एकाचा चुकून अंगठा, लगेच मागे.

तळमजला

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्या दिवशी कामाला कुणाचा हात लागत नव्हता, कारण सगळ्यांचे हात जोडलेले होते. मेकॅनिक, हिशेबनीस, झाडूवाली, सगळे आपापल्या फोनमधल्या ऑफिसच्या ग्रुपकडे डोळे लावून बसले होते. हॉलच्या मधोमध मखमली कापडावर एक लॅपटॉप होता आणि त्यामागे पांढऱ्या कपड्यांत त्रिकालदर्शी सल्लागार. लॅपटॉपला कोणी हात लावायचा नाही. लहरी विस्कटतात.

"यंत्र आधी मनात बिघडतं," ते डोळे मिटून सांगत होते, "मग वायरीत. मी मनात असतानाच पकडतो."

"लिफ्टला मन असतं?" पाना म्हणाला. हा मुख्य मेकॅनिक. हातातला पाना सोडून कशावरही त्याचा चटकन विश्वास बसत नसे, पण सलग नऊ भाकितं खरी ठरल्यावर तोही जरा ढिला पडला होता.

"वर जाते, खाली येते, मध्येच अडते. मन नाही तर काय?"

हॉलभर "वा!" झालं. फक्त कोपऱ्यातल्या टेबलावरून झालं नाही. तिथे तक्रारताई बसायची.

तिचं काम असं. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस लाल बटण दाबतो. बटणाचा निरोप कंपनीच्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे जातो, आणि तो प्रोग्रॅम ग्रुपवर तक्रार टाकतो. तक्रार दिसली की ताई त्या लिफ्टमधल्या स्पीकरवर फोन लावते आणि पाना पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहते. चौदा वर्षं ती बोलत होती. रडणाऱ्यांशी, भांडणाऱ्यांशी, एकदा तर तिला लग्नाची मागणी घालणाऱ्याशीसुद्धा.

पण आता भाकीत येताच पाना निघायचा, आणि तक्रार आल्यावर आठव्या मिनिटाला दार उघडायचं. पूर्वी पंचवीस लागायची. साहेबांनी "आठ मिनिटं!" असा फलकच टांगला होता.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "पण आठ मिनिटं बोलायला स्वतंत्र माणूस कशाला? महिनाअखेरीस हे टेबल बंद करू. शनिवारी सभेत रीतसर जाहीर करतो."

"नियती!" डोळे न उघडता त्रिकालदर्शी म्हणाले.

ताईच्या जिभेवर शिवी आली होती. तिने ती पाण्याबरोबर गिळली.

पहिला आणि दुसरा यांच्या मध्ये, अडकलेले

या धंद्यात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात: भागिले दहा. लिफ्टमध्ये अडकलेल्याने "वीस मिनिटं झाली" म्हटलं की आपण समजायचं, दोन. "तास झाला" म्हणजे सहा. बंद पेटीत मिनिटं फुगतात, त्याला कोण काय करणार?

त्यामुळे गेले काही दिवस सगळेच "वीस मिनिटं झाली, कोणी बोलायलाच नाही!" म्हणत होते, आणि ताई इमानेइतबारे दहाने भागत होती.

गुरुवारी एक म्हातारबुवा अडकले.

"सतरा मिनिटांनी फोन करता?"

"आजोबा, बंद जागेत तसं वाटतं. दोनेक मिनिटं झाली असतील."

"अगं बाई, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. मला वेळ शिकवतेस? दहा वाजून बेचाळीसला बटण दाबलंय. आत्ता एकोणसाठ झालेत. मनगटावर तीन घड्याळं आहेत, तिघांत एका सेकंदाचा फरक नाही."

"तीन कशाला?"

"दोन भांडली तर तिसरं लागतं."

ताईने ग्रुप वर सरकवला. भाकीत १०:४२. तक्रार १०:५९.

ती भागायची थांबली.

दुपारी एक नर्स अडकली, नाडी मोजायची सवय असलेली. सतरा. शुक्रवारी शाळेतला घंटावाला. सतरा. ताईने नणंदेला फोन लावला. नणंद बँकेत प्रोग्रॅम लिहायची, आणि घरी ताईच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची.

"वहिनी, भविष्य सांगणं अवघड असतं," नणंद म्हणाली. "वर्तमान दाबून ठेवणं सोपं. मीठ कमी आहे हे मी खाल्ल्याबरोबर सांगते. तू ते अर्ध्या तासाने ऐकलंस म्हणून मी ज्योतिषी होते का?"

"इथेही मीठच?"

"त्याने तो मधला प्रोग्रॅम घेतलाय का हाताखाली?"

घेतला होता. आशीर्वाद द्यायला म्हणून पासवर्ड मागितला होता. साहेबांनी तो कागदावर लिहून, कागदाला फूल लावून दिला होता.

वरचा मजला: सभा

शनिवारी सगळे जमले. साहेबांनी घसा खाकरला. ताईचा हात ओढणीखाली हलला.

एकवीस फोन एकदम वाजले.

११:०५. पूर्वसूचना: «पूर्वेला, जुन्या चित्रपटगृहात, माहिती नाही मजल्याजवळ एक जीव घुसमटणार आहे. मला दिसतंय.»

जोडलेले हात निम्म्यावर थबकले.

"माहिती नाही मजला?" हिशेबनीस म्हणाला. "तो कितवा?"

"सूक्ष्म मजला," त्रिकालदर्शी म्हणाले. "साध्या डोळ्यांना दिसत नाही."

"साहेब," पाना डोकं खाजवत म्हणाला, "ते चित्रपटगृह पाडून वर्ष झालं. लिफ्ट मी स्वतः उतरवली. जीव कुठून अडकणार?"

"आत्मा!" त्रिकालदर्शी गरजले. "इमारत जाते, आत्मा राहतो! शांत करावा लागेल!"

झाडूवालीने डोळे मिटले. साहेबांना घाम फुटला. ताईने ओढणी बाजूला केली आणि टेबलावर एक डबी ठेवली. लाल बटण, मागे दोन स्क्रू, लोंबणारी वायर, आत नवी बॅटरी.

"आत्मा हा," ती म्हणाली. "सुट्या भागांच्या कपाटात होता. यादीतून त्याचा नंबर काढायचा राहिला होता. मघाशी मीच दाबला. मजला कुठून सांगणार बिचारा? त्याला लिफ्टच नाही."

पाना पहिल्यांदा हसला. मग तो थांबेचना.

"लहरी..." त्रिकालदर्शी उठू लागले.

"बसा. अजून तक्रार यायची आहे. बरोब्बर अकरा बावीसला येईल. हे माझं भाकीत. तोवर साहेब, तो प्रोग्रॅम उघडा. आपलाच आहे. माझी नणंद फोनवर आहे, तिला ओळी वाचून दाखवा."

"ती दिव्य संहिता आहे!"

"अकरा ओळी आहेत," स्पीकरवरून नणंद म्हणाली, साहेबांचं वाचून झाल्यावर. "बटणाचा निरोप घे. यादीतून इमारत शोध. दिशा लाव. 'घुसमटणार आहे, मला दिसतंय' हे जोडून ग्रुपवर टाक. मग थांब, एक हजार वीस सेकंद. मग खरी तक्रार पाठव. झालं. वहिनीच्या आमटीतसुद्धा याहून जास्त जिन्नस असतात."

हिशेबनिसाने बोटांवर हिशेब केला. "सतरा मिनिटं!"

"बटण दाबल्यावरच यांना कळत होतं," ताई म्हणाली. "आपल्यालाही पूर्वी तेव्हाच कळायचं. यांनी भविष्य पुढे ओढलं नाही, तक्रार मागे ढकलली. पाना पूर्वीसारखाच पंचवीस मिनिटांत पोचतो. आपण घड्याळ सतरा मिनिटं उशिरा लावलं आणि फलक टांगला. आणि ती सतरा मिनिटं, साहेब, आत माणूस अंधारात बटण दाबत बसायचा. बोलायला कोणी नाही."

सगळ्यांनी फोनकडे पाहिलं.

११:२२. तक्रार: «जुनं चित्रपटगृह. मजला: माहिती नाही. आत माणूस.»

त्रिकालदर्शी मखमलीसकट निघाले. लॅपटॉप काखेत मारून ते नेमके लिफ्टकडे वळले, क्षणभर थांबले आणि जिन्याने गेले. साहेबांनी स्वतः स्टुलावर चढून फलक उतरवला.

"मलाच कळायला हवं होतं," ते म्हणाले. "सलग नऊ खरी ठरली हो."

"अशी नव्वद ठरली असती. कुणी भाकीत सांगितलं की हात जोडायच्या आधी एकदा विचारावं: तुला हे कशावरून कळलं? सांगता येत असेल तर ती माहिती आहे, ती आपल्यालाही मिळाली पाहिजे. सांगता येत नसेल तर त्याच्या हातात पासवर्ड देऊ नये. फूल लावून तर नाहीच."

"टेबल?" साहेबांनी हळूच विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. मी कामाला बसते."

नणंदेने ती थांबायची ओळ काढायला लावली. साहेबांनी ती स्वतःच्या बोटाने खोडली आणि ग्रुपवर लिहिलं: «तक्रारीचं टेबल चालू राहील.» कोणी हात जोडले नाहीत.

पाऊण वाजता तक्रार आली. ताईने स्पीकरवर फोन लावला.

"हॅलो, घाबरू नका. माणूस निघालाय. मी बोलतेय तुमच्याशी."

"अहो, आत्ता अडकलो!" आतून कुणीतरी थक्क होऊन म्हणालं. "एवढ्यात फोन? तुम्हाला आधीच कळलं होतं का?"

"नाही हो," ताई म्हणाली. "तुम्ही बटण दाबलंत, म्हणून कळलं."