रविवारचे दात

पॉलिश पेपरचा तिसरा हात फिरला आणि खालची कवळी मिस्त्रींच्या बोटांतच टक् करून मोडली. आवाज अगदी बारीक. पण चाळीस वर्षं लाकडाशी काढलेल्या माणसाला मोडल्याचा आवाज कळायला वेळ लागत नाही. त्यांनी दोन्ही तुकडे खिडकीच्या उजेडात धरले, कडा जुळवून पाहिल्या. जुळत होत्या. जुळून काही उपयोग नव्हता.

साडेनऊ वाजले होते. रविवार होता. दहाला मुलाचा फोन यायचा होता.

"काय मोडलंत आता?" समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई पेपर द्यायला आत आल्या. इस्पितळातून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, तरी सगळा जिना त्यांना सिस्टरच म्हणे.

मिस्त्रींनी तळहात पुढे केला.

"ही घासलीत तुम्ही? कशानं?"

"आधी कानशीनं. मग पेपरनं."

"माणूस आहात का टेबल?"

"टोचत होती. दार चौकटीला अडलं, की अडतं तिथं रंधा मारायचा. चौकटीला कुणी हात लावतं का?"

"चौकटच झिजली असली म्हणजे?"

हिरड्या झिजतात हे लाकूडकामात कुणी शिकवलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा मुलानं त्यांना या दोन खोल्यांत एकटं राहू दिलं ते अटी घालूनच. यादी सुनेनं केली होती. गोळ्या वेळेवर, रोज चालणं, न्हाणीत रबराची चटई. दात यादीत शिरले ते गेल्या वर्षी. कवळी टोचते म्हणून मिस्त्री दोन महिने पातळ पातळ पिऊन राहिले, अंगावरचे कपडे लोंबायला लागले, आणि एक दिवस जिन्यातच चक्कर येऊन बसले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरचा नंबर बघून थेट मुलाला फोन लावला. दात लावत नाहीत म्हणून खात नाहीत, खात नाहीत म्हणून पडतात, असं त्यांनी त्याला समजावलं. तेव्हापासून दर रविवारी कॅमेऱ्यासमोर आ करून दात दाखवायचे, असं ठरलं. पुन्हा असं काही झालं तर वृद्धाश्रम. मुलानं तिथले फोटोही पाठवले होते. एका रांगेत आठ पलंग, आठांवर एकसारख्या चादरी. मिस्त्रींनी फोटो मोठा करून बघितला होता. पलंग लोखंडी होते.

म्हणून कवळी पुन्हा टोचायला लागली तेव्हा ते दवाखान्याची पायरी चढलेच नाहीत. चढलं की बातमी पोचणार. आठवडाभर दोन्ही कवळ्या पाण्याच्या डब्यात पडून असायच्या. रविवारी सकाळी मात्र ब्रश घेऊन ते एकेक दात असा घासत, की जणू गिऱ्हाइकाला माल पोचवायचा आहे. मग त्या चढवून दहा मिनिटं हसायचं. फोन बंद झाला की कवळ्या डब्यात, आणि मिस्त्री मोरीशी वाकून गुळण्या करत उभे. दुसऱ्या दिवशी कानस घेऊन टोचणारी जागा आणखी थोडी उतरवायची. असं उतरवता उतरवता आज ही वेळ आली.

"सरस लावला तर दहा मिनिटं धरेल?"

"धरेल की. मग रंधा मारूनच काढू तुमच्या तोंडातून." सिस्टरनी टेबलावरची बॅटरी उचलली. "आ करा."

"राहू दे हो."

"हजार तोंडं बघितलीत मी. लाजू नका. आ करा."

त्यांनी जिभेखाली उजेड पाडला आणि बॅटरी आणखी जवळ नेली.

"किती दिवस आहे हे?"

"दिवस कोण मोजत बसतो. महिना झाला असेल."

"महिनाभर न भरलेली जखम घरात बसून बघायची नसते, मिस्त्री. आज फोन आला की सांगून टाका. पोटचा पोरगा आहे तुमचा, फौजदार नाही."

मिस्त्रींनी खोलीवरून नजर फिरवली. कपाट, मांडणी, खिडकीखालचा बाक. सगळं त्यांच्या हातचं. बायकोच्या उंचीला बेतलेला ओटा. तो बेतताना ती पीठ भरलेल्या हातांनी उभी राहिली होती, आणि पेन्सिलीची खूण त्यांनी तिच्या कोपराशी केली होती.

"सांगतो," ते म्हणाले. मग त्यांनी वरचीही कवळी काढली. "दाखवायचं तर सगळंच दाखवू."

दहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. त्यांनी तो तेलाच्या बरणीला टेकवून उभा केला. सिस्टर कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं स्टुलावर बसल्या.

"हां, बोला बाबा. गोळ्या?"

"घेतल्या."

"काय? आवाज फाटतोय तुमचा. तुमच्याकडचं नेटवर्क म्हणजे ना! चालणं?"

"अरे, ऐक ना जरा. मला..."

"चालताय ना? गुड. चटई आहे ना न्हाणीत?" मुलाचा चेहरा तिरका दिसत होता. डोळे बाजूला कशावर तरी फिरत होते आणि बोटांची टकटक चालली होती. "चला, दात दाखवा."

मिस्त्रींनी वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. पण सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं वाटलं. ते फोनकडे झुकले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले आणि जमेल तेवढा मोठा आ केला. तसेच राहिले. मान भरून आली तरी राहिले.

टकटक क्षणभर थांबली.

"मस्त!" मुलगा म्हणाला. "एकदम चकाचक. असेच ठेवा."

"नीट बघ रे."

"बघितलं की, बाबा! आणखी किती कौतुक करायचं तुमचं? हिलाही सांगतो, म्हातारबुवा फिट आहेत म्हणून."

सिस्टर स्टुलावरून अर्ध्या उठल्या. "अहो..."

मिस्त्रींनी फोनच्या आडून तळहात दाखवला. सिस्टर बसल्या.

"कोण आहे तिथं?"

"कुणी नाही. रेडिओ."

"बरं, ठेवतो. पुढच्या रविवारी बोलू."

पडदा काळा झाला. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती चालू होत नव्हती.

"मला का अडवलंत?" सिस्टरचा आवाज चढला होता.

"पास झालो की, सिस्टर. आता कोण हलवतंय मला इथून."

ते हसले. दात नसल्यानं हसू बाहेर पडताना फुस् करून विरलं. सिस्टर उठल्या, दाराशी जाऊन पायात चपला सरकवल्या.

"इस्पितळ रविवारी उघडं असतं. मी येतेय बरोबर. सदरा बदला."

"आलो. तुम्ही व्हा पुढे."

त्या जिना उतरायला लागल्या तरी मिस्त्री जागचे हलले नाहीत. फोनच्या काळ्या काचेत त्यांचा चेहरा उमटला होता. ते पुढे वाकले, पुन्हा आ केला आणि बराच वेळ, नीट, बघत राहिले.